मटरवाल्या मॅडमचा नियम

२० जानेवारी १९९७. उद्या सकाळी कचहरीत साक्ष आहे, म्हणून दुपारीच साडीला इस्त्री करायला घेतली. निऱ्यांपर्यंत आले आणि दारात नाना उभे. नाना म्हणजे आमच्या लखनौच्या मराठी मंडळातले सर्वांत ज्येष्ठ. चहा घेतला, थंडीबद्दल बोलले आणि मग म्हणाले, “वहिनी, उद्या फक्त आठवत नाही म्हणा. तीन वर्षं झाली. खोटंही नाही ते, वयच आहे आपलं.” मी माझं वय सांगितलं नाही. जाताना त्यांनी दारातून शेवटचा बाण सोडला, “तुमच्या त्या मॅडमचाच नियम होता ना, खोलीतलं खोलीत? मग तो तरी पाळा.”

ते गेले आणि लाइटही गेली. जानकीपुरममध्ये गेलेली लाइट कधी येईल, हे विचारण्यात अर्थ नसतो. इस्त्री थंड पडली आहे. हात मोकळे आहेत तोवर मॅडमबद्दल लिहून काढते, म्हणजे त्यांचा नियम नेमका काय होता, हे मलाही नीट दिसेल.

मॅडम फिर्याद ऐकताना मटार सोलत. अंगावर खाकी, खांद्यावर इन्स्पेक्टरचे तारे आणि मांडीवर टोपली. टेबलामागच्या खुर्चीत त्या फक्त वरचे साहेब आले की बसत. एरवी खोलीच्या कोपऱ्यात चटई आणि चटईवर समोर जी कुणी रडत, थरथरत आली असेल ती. तिच्यापुढंही मूठभर शेंगा सरकवायच्या. “लो, छीलती जाओ, बोलती जाओ.” थंडीत मटार, उन्हाळ्यात निवडायला डाळ, मधेच बाजारात बथुआ, म्हणजे आपला चाकवत, आला की त्याच्या जुड्या. ते सगळं संध्याकाळी ठाण्याच्या मेसमध्ये शिजे. शहरात त्यांचं नाव मटरवाली मॅडम पडलं होतं. दुसऱ्या ठाण्यांचे दरोगा हसत, “मैडम के थाने में मुलज़िम बाद में पकड़ा जाता है, सब्ज़ी पहले कटती है.” रामदुलारी नावाची त्यांची शिपाई तर उघड तक्रार करी, “मैडम, आज औरतें कम आयीं, पूरा साग मुझे बीनना पड़ा.”

त्या महिला ठाण्याला लागून परिवार परामर्श केंद्र होतं, घरच्या भांडणांत सल्ला देणारं. माझं समाजकार्याचं शिक्षण नागपूरचं. नवऱ्याला इथल्या संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून आम्ही लखनौला आलो आणि मला त्या केंद्रावर काम मिळालं. पहिल्या दिवशी मी समोरच्या बाईला खुर्चीवर बसवलं, पेन उघडलं आणि विचारलं, पती का नाम, विवाह कब हुआ. बाई पदराचं टोक पिळत राहिली आणि तासाभरात नवऱ्याच्या नावापलीकडं गेली नाही. मॅडम दारातून बघत होत्या. नंतर म्हणाल्या, “मराठिन, खाली हाथ औरत वही बोलेगी जो घर से रटकर आयी है. हाथ भर दो, फिर देखो.” मला त्या शेवटपर्यंत मराठिनच म्हणत. माझं नाव त्यांना येत होतं, पण ते फक्त कागदावर लिहीत.

“क्या हुआ?” हा प्रश्न त्या कधीच पहिला विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “घर में ताला कौन लगाकर आया?” वरवर पाहता गप्पांचा प्रश्न. पण उत्तरात सगळं घर येई. घरी सासू आहे का, मुलं कुणाकडं ठेवली, किल्ली बाईच्या हातात असते की नाही, ती सांगून आली की पळून. एक बाई म्हणाली होती, “ताला तो बाहर से वही लगाते हैं. मैं छत से आयी.” मॅडमनी शेंग खाली ठेवली आणि रामदुलारीला जीप काढायला सांगितली. त्या दिवशी बाकी काहीच विचारावं लागलं नाही.

जीप मात्र कुणाच्या दारापर्यंत जात नसे. गल्लीच्या तोंडाशी ती थांबवून मॅडम उतरत, खाकीवर तपकिरी शाल ओढून घेत, हातात कापडी पिशवी धरत आणि कुणाची मावशी भेटायला चालली आहे अशा चालीनं आत जात. मी एकदा म्हटलं, सरळ दारात नेली तर माणसं घाबरतील तरी. त्या म्हणाल्या, “आदमी एक दिन डरेगा. औरत को उसी गली में रोज़ पानी भरना है.” पोलिसांची गाडी दारात उभी राहिली, की मोहल्ला आपला निकाल लावून मोकळा होतो आणि तो निकाल कुठल्याही कोर्टात फिरवता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पोटातलं ओठावर येऊ न देण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता. एका हिंदी पेपरचा वार्ताहर आठवड्यातून एकदा यायचा. त्याला चहा मिळे, समोसा मिळे आणि बातमी सोडून सगळं मिळे. गहू कसा आहे, धुकं किती आहे, गोमतीला पाणी किती आहे. एकदा तो वैतागून म्हणाला, “मैडम, मौसम का हाल जानने थाने कौन आता है?” मॅडम म्हणाल्या, “आप आते हैं, बेटा. हर हफ़्ते.” रामदुलारी हसू दाबायला बाहेर पळाली.

वरून फोन येत तेव्हाचा त्यांचा आवाज तर आणखी मऊ. अमुक माणसाला सोडा, तमुक घरचा मामला आहे, समजून घ्या. मॅडम सगळं ऐकून घेत, जी, जी करत आणि मग अतिशय अदबीनं विचारत, “सर, आपका शुभ नाम जीडी में चढ़ा दूँ कि आपने फ़ोन किया था?” जीडी म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही. पलीकडून बहुतेक वेळा फोन खाली ठेवल्याचा आवाज येई. त्या रिसीव्हर ठेवून पुन्हा शेंगा हातात घेत. एवढं करून त्यांनी त्या माणसाला आतच ठेवलं असं नाही. कधी ठेवलं, कधी समज देऊन सोडलं. पण ते त्यांनी ठरवलं, फोननं नाही.

त्या चुकत नव्हत्या असं मी म्हणणार नाही. एकदा त्यांनी एका जोडप्याचा समझौता करून दिला. नवरा पायावर डोकं ठेवून रडला होता. आठवड्याभरात ती बाई भाजलेला हात घेऊन परत आली. मॅडम तिच्याबरोबर इस्पितळात बसून राहिल्या. त्याबद्दल माझ्याशी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, पण त्यानंतर समझौत्याचा प्रत्येक कागद झाला, की त्या घरी त्यांची शाल आणि पिशवी अधूनमधून जाऊ लागली, आगाऊ न कळवता. आणि रडणाऱ्या नवऱ्यांचा त्यांच्यावर होणारा परिणाम कायमचा थांबला.

आता नियम. चटईवर बसलेल्या प्रत्येक बाईला त्या सांगत, “यहाँ की बात यहीं रहेगी.” मलाही त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, घरी नवऱ्यालासुद्धा काही सांगायचं नाही. मी पाळलं. माझा नवरा बिचारा अजून समजतो, की मी दिवसभर फॉर्म भरते. आमच्या मराठी मंडळात हे सोपं नव्हतं. इथं आपली माणसं मोजकी. गणपतीत, हळदीकुंकवात तेच तेच चेहरे, आणि कुणाचं कुणाशी बिनसलं हे लोणच्याबरोबर वाढलं जातं. माझ्याकडं बघून बायका म्हणत, “तुम्हाला काय, तुमच्याकडं रोज नवा सिनेमा.” मी पुरणाबद्दल विचारी.

तीन वर्षांपूर्वी, अशीच थंडी असताना, नंदा त्या चटईवर आली. आमच्याच मंडळातली. सांगलीची मुलगी, लग्न होऊन वर्षभरापूर्वी लखनौत आलेली. नवरा अविनाश चांगल्या नोकरीत, गणपतीत तबला वाजवणारा, सगळ्यांचं सामान उचलू लागणारा. नंदाला शेजारच्या सरदारणीनं आणून सोडलं होतं. मला बघून ती इतकी दचकली, की मीच उठून बाहेर जायला निघाले. मॅडमनी विचारलं, “ये बैठें कि जायें? तुम बोलो.” नंदानं एकदा दाराकडं पाहिलं. मग म्हणाली, “बसा, ताई.”

बाथरूममध्ये पाय घसरला, असं ती सांगत होती. शेजारणीचा गैरसमज झाला, हे फार चांगले आहेत, वगैरे. मॅडम हूं हूं करत होत्या आणि तिच्या हातांकडं बघत होत्या. मटारची शेंग अंगठ्यानं दाबली, की उघडते. नंदा ती दातानं उघडत होती. उजवा अंगठा मांडीवर तसाच पडलेला, मनगट बाहीच्या आत ओढलेलं. मॅडमनी काही विचारलं नाही. फक्त तिच्या पुढ्यातली टोपली काढून घेतली आणि म्हणाल्या, “बस, हो गया काम. अब चाय पियो, बायें हाथ से.” नंदा तेव्हा रडली.

तेवढ्यात अविनाश आणि नाना येऊन पोचले. नानांच्या हातात मिठाईचा डबा होता. आपल्याकडं अशा वेळी काय नेतात ते त्यांना सुचलं नसावं. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. इथंच ते दोघं फसले. ठाण्यात आपलं माणूस आहे, म्हणजे आता हे मराठीतलं मराठीत मिटेल, अशी त्यांची समजूत झाली. महाराष्ट्रातल्या कुठल्या ठाण्यात ते इतके निर्धास्त झाले नसते. नाना हिंदीत मॅडमना म्हणाले, “घर का मामला है, बहनजी, बच्चे हैं दोनों.” मॅडमनी त्यांना बसायला सांगून त्यांच्याही पुढं शेंगा ठेवल्या. नाना गोंधळले, पण सोलू लागले. अविनाशनं मात्र हात लावला नाही. तो नंदाशेजारी बसला, चेहऱ्यावर हसू ठेवून तिच्याकडं झुकला आणि चहात साखर किती घालू असं विचारावं तशा आवाजात मराठीत म्हणाला, “मागच्या वेळी नुसता हात होता, लक्षात आहे ना? चल घरी.”

नाना शेंगा सोलत राहिले. त्यांनी ऐकलं होतं. मान वर केली नाही.

मॅडमना मराठी येत नव्हतं. पण नंदाच्या कपातला चहा बशीत सांडला, तो त्यांनी पाहिला. त्या माझ्याकडं वळल्या. “मराठिन, क्या कहा इसने?”

नाना घाईनं म्हणाले, “कुछ नहीं, बस समझा रहा है, घर चलो बोला.”

मी सुरुवात केली, “मैडम, ये धमकी दे रहे हैं कि…”

“मतलब मत बताओ,” मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “मतलब मैं निकाल लूँगी. शब्द बताओ. जो बोला, जैसा बोला.”

मी शब्द सांगितले. आधी मराठीत, त्यानं म्हटलं तसं, मग हिंदीत, एकेक. अविनाश माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता, जणू मी त्याच्या घरातून काहीतरी चोरलं आहे. “ताई, तुम्ही? आपल्यातल्या असून?” असं म्हणाला तो.

मॅडमनी दोघा पुरुषांना बाहेर बसवलं आणि दार लोटून नंदाला सांगितलं, “डॉक्टर आज देखेगा. चोट कल तक रुकती नहीं, रंग बदल लेती है. रिपोर्ट लिखानी है कि नहीं, ये कल सुबह बताना. आज तुम डरी हुई हो. डर में हाँ भी ग़लत होती है, ना भी. रात यहीं सोओगी, मेरी सिपाही लड़कियों के साथ.” नंदानं विचारलं, “आणि मी नाही म्हटलं तर?” मी हिंदीत सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “तो मैं शाल ओढ़कर तेरे घर आती रहूँगी. मगर लिखवाऊँगी तेरे मुँह से, अपने मुँह से नहीं.” माझ्या मनात आलं होतं, की तिला आमच्या घरी न्यावं. मॅडमनी ते माझ्या तोंडावर वाचलं असावं. “तुम नहीं ले जाओगी,” एवढंच म्हणाल्या. आज कळतं, की नेलं असतं तर उद्याच्या साक्षीला काही किंमत राहिली नसती आणि मंडळाला माझ्या स्वयंपाकघरात बसून नंदाची समजूत घालता आली असती.

इस्पितळात मनगटाचं हाड मोडलेलं निघालं, आणि एक जुनं, आपोआप वाकडं जुळलेलं. सकाळी नंदानं स्वतः सांगून रिपोर्ट लिहवली. अविनाशचे ते शब्दही तिनं त्यात घातले आणि मला विचारलं, “ताई, तुमचं नाव घालू?” मी म्हटलं, घाल.

त्याच आठवड्यात मंडळाचं हळदीकुंकू होतं. मी गेले. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. अविनाशच्या मावशीनं विचारलं, “काय हो, नेमकं झालं काय त्या पोरीचं?” मी म्हटलं, लाडू छान झालेत, पाक कच्चा नाही राहिला. पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं असं नाही. संध्याकाळ वाचली.

मॅडम गेल्या पावसाळ्यात काविळीनं गेल्या. नोकरीत असतानाच. त्यांच्यामागं एक भाऊ होता, तो गावाहून आला आणि सामान घेऊन गेला. सामान थोडंच होतं. ठाण्यात आता नव्या इन्स्पेक्टर आहेत, कामाला चांगल्या आहेत, टेबलामागं बसतात. रामदुलारी मेसची भाजी बाजारातून निवडून आणते आणि मला म्हणते, “अब कोई रोता नहीं यहाँ, सब फारम भरते हैं.”

मॅडम असत्या तर त्यांचीही साक्ष झाली असती, पण त्यांनी काय सांगितलं असतं? तो काहीतरी बोलला आणि मराठिननं मला सांगितलं, इतकंच. शब्द ऐकून कळलेली माणसं त्या खोलीत तीनच होती, बोलणारा सोडून. नंदा, नाना आणि मी. नंदाचं म्हणणं, बायको सूड घेते आहे असं म्हणून उडवता येईल. नाना आठवत नाही म्हणणार. उरले मी. म्हणून नाना आज थंडीत सायकल रिक्षा करून आले. त्यांनी आणखीही एक सांगितलं, ते मी वर लिहिलं नाही. म्हणाले, नंदाचे वडील सांगलीहून येऊन गेले, समझौत्याला तयार आहेत, आणि नंदाचीही तयारी आहे. “मग तुम्ही एकट्याच कशाला उभ्या राहता?”

हे मला बोचतं आहे. नंदाची खरंच तयारी असेल तर? तिला पुढं जगायचं आहे, मला नाही. खोलीतलं खोलीत हा नियम नाना म्हणतात तसा मी इतकी वर्षं पाळला, आणि तो मोडताना मला आनंद होणार नाही. पण लिहिता लिहिता एक गोष्ट स्वच्छ दिसते. मॅडमनी कधीही स्वतः ठरवलं नाही की हे झाकायचं. मी बसू की जाऊ, हे त्यांनी नंदाला विचारलं. रिपोर्ट लिहू की नको, नंदाला विचारलं. वार्ताहराला काही सांगितलं नाही, कारण त्या बायांनी त्याला काही सांगायचं ठरवलं नव्हतं. नानांना वाटतं, ती खोली म्हणजे कुलूप होतं. कुलूप असेल तर त्याची किल्ली मॅडमकडं कधीच नव्हती, माझ्याकडं नाही आणि नानांकडं तर नाहीच.

लाइट आली आहे. साडी पुरी करते.

२१ जानेवारी. सकाळी लवकर निघून आधी आलमबागला गेले. नंदा तिथं एका शाळेत बालवर्गाला शिकवते आणि शाळेमागच्याच खोलीत राहते. ती स्टोव्ह पेटवायच्या खटपटीत होती. पंप मारत, माझ्याकडं न बघता म्हणाली, “या ताई. नाना तुमच्याकडंही आले होते ना?”

“आले होते. म्हणाले, तुझी तयारी आहे. समझौत्याची.”

“बाबांची आहे. मला नानांनी विचारलंच नाही.” मग तिनं पंप मारायचं थांबवलं. “तुम्ही विचारायला आलात होय?”

“हो. नाही म्हणालीस तर मी आज कचहरीत जाऊन आठवत नाही म्हणणार नाही, पण सरकारी वकिलांना आधी सांगेन, की तुला हे नको आहे. मग ते बघतील.”

तिनं स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं. “भीती वाटते,” असं म्हणाली. “पण परवा वर्गात एक पोरगी पडली आणि मी धावले, तर ती आधी हात वर करून डोकं झाकते. मला वाटलं, हिच्या घरी कोण आहे? ताई, तुम्ही बोला. मी समोर बसते.”

आम्ही एकाच टेंपोतून कैसरबागच्या कचहरीत गेलो. बाहेर नाना मफलर गुंडाळून उभे होते. त्यांना नमस्कार केला. अविनाश त्याच्या वकिलाशी बोलत होता.

माझी साक्ष झाली. त्या खोलीत जे बोललं गेलं ते सांगितलं. मग अविनाशचे वकील उठले. गोड आवाजाचे गृहस्थ. म्हणाले, “आप परामर्शदात्री हैं. औरतों से कहती हैं, बात यहीं रहेगी. फिर उस कमरे की बात आज यहाँ किसकी इजाज़त से ले आयीं?”

“जिसकी बात थी, उसकी. आज सुबह उसके घर जाकर पूछा है.”

वकिलांचा चेहरा उजळला. ते न्यायाधीशांकडं वळले आणि मग पुन्हा माझ्याकडं. “यानी गवाही से पहले आप फ़रियादी से मिलकर आ रही हैं?”

“जी, मिलकर आ रही हूँ,” मी म्हटलं. “लिख लीजिए.”